थांबलेल्या मोटरचा स्वर

आमच्या फोंड्याच्या घरात मॉडेल रेल्वेच्या खोलीला लागूनच आईची खोली आहे. दोन्हींच्या मधली चिऱ्यांची भिंत चांगली दीड हात जाड असली, तरी जुन्या कौलारू घरांच्या रीतीप्रमाणे ती आढ्यापर्यंत गेलेली नाही; वाशांखाली हातभर मोकळी जागा आहे आणि एका खोलीतले बोलणे दुसऱ्या खोलीत तिथून सहज ऐकू येते. गेल्या जूनमध्ये, पाऊस सुरू होऊन चार दिवस झाले होते तेव्हा, आई सकाळच्या चहाला म्हणाली, "अरे, वाशात भुंगा शिरलाय वाटतं. रात्रभर घुमत असतो, डोळा लागत नाही." लाकूड पोखरणारे काळे भुंगे आमच्याकडे नवे नाहीत, म्हणून मी शिडी लावून दोन्ही खोल्यांचे वासे विजेरीच्या उजेडात तपासले. एकही ताजे भोक सापडले नाही, खाली भुसाही पडलेला नव्हता. तिसऱ्या रात्री पावसात वीज गेली आणि भुंग्याचे घुमणे त्याच क्षणी थांबले. वीस मिनिटांनी वीज आली आणि ते पुन्हा सुरू झाले. तेव्हा मी उठून रेल्वेच्या खोलीत गेलो, टेबलाखाली वाकलो आणि प्लायवूडला कान लावला.

त्या टेबलावर कुळे स्थानक आणि तिथून सुरू होणारा घाटाचा पायथा मी तीन वर्षांपासून उभा करत आहे. कुळे ते कॅसलरॉक हा चढ ३७ला १ असा आहे. मालगाडी घाट चढवण्यासाठी तिला मागून जोर देणारी इंजिने कुळ्यालाच जोडतात, आणि लहानपणी वडिलांबरोबर तिथे उतरलो की आम्ही तेच पाहत उभे राहत असू. तो चढ मी माझ्या १० फुटांच्या लांबीत जसाच्या तसा घेतला आहे. त्यामुळे गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ८ सेंटिमीटर वर चढते. गाड्या एचओ मापाच्या, म्हणजे ८७ला १ या प्रमाणातल्या आहेत आणि रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा असल्यामुळे खरे तर १९ मिलिमीटरहून थोडे रुंद रूळ हवेत, पण तसे तयार मिळत नाहीत आणि ही तडजोड मी पहिल्याच दिवशी स्वीकारली. स्थानकात ९ सांधे, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणाऱ्या रुळांच्या जागा आहेत, मागच्या बोगद्यात आणखी २ आहेत आणि प्रत्येक सांध्याखाली १२ मिलिमीटरच्या प्लायवूडला एकेक संथ चालणारी मोटर स्क्रूने बसवलेली आहे. बटण फिरवले की मोटर साधारण तीन सेकंदांत सांध्याच्या जिभा, म्हणजे त्याचे हलणारे निमुळते रूळ, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेते. वायफळ टक् आवाज करून झटक्याने सांधा पाडणाऱ्या सोलेनॉइडपेक्षा, म्हणजे विद्युतचुंबकाच्या यंत्रापेक्षा, ही संथ हालचाल मला फार आवडते, कारण खऱ्या स्थानकावर सांधा बदलताना पाहिलेले असले की डोळ्यांना तीच पटते.

या मोटरींची एक रीत समजून घेतली नाही, तर पुढचे काहीच कळणार नाही. खऱ्या रेल्वेतली विजेवर चालणारी सांध्याची यंत्रणा जिभा पलीकडे टेकल्या आणि कुलूपबंद झाल्या की स्वतःच मोटरची वीज तोडते. आपल्या छंदातली संथ मोटर तसे करत नाही. ती जिभा पलीकडे नेते, तिथे अडते आणि अडलेल्या अवस्थेतही थोडा प्रवाह घेत जिभा रुळाशी दाबून धरते. माझ्या मोटरी १२ व्होल्टवर अडून उभ्या असताना प्रत्येकी सुमारे १६ मिलिअँपिअर घेतात. एवढ्या प्रवाहाने त्या तापत नाहीत, वर्षानुवर्षे तशाच राहू शकतात आणि त्यांची रचनाही त्याच हिशेबाने केलेली असते. मी रात्री गाड्यांचा कंट्रोलर बंद करत असे, पण सांध्यांच्या वीजपुरवठ्याचा प्लग टेबलामागे वेगळा असल्यामुळे तो तसाच चालू राहत असे. आईचा भुंगा म्हणजे त्या अकरा अडलेल्या मोटरी होत्या.

आईच्या झोपेचा प्रश्न त्याच रात्री प्लग काढून सुटला. वीज नसली तरी दातेरी चक्रांच्या घर्षणामुळे जिभा आपल्या जागी राहतात, त्यामुळे त्यात काही बिघडत नाही. परंतु गाड्या चालवताना ती गुणगुण मला आता सतत ऐकू येऊ लागली. दिवसा कौलांवरच्या पावसात ती बुडून जात असे. संध्याकाळी पाऊस थांबला की मात्र रुळांच्या जोडांवरून जाणाऱ्या चाकांची लय, जिच्यासाठी मी या खोलीत बसतो, ती या गुणगुणीखाली दबून जाई. म्हणून मुळाशी जायचे ठरवले.

सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली. मोटर आवाज करते म्हणजे तिची चक्रे कोरडी पडली असणार, असे गृहीत धरून एक मोटर उघडली आणि प्लॅस्टिकला चालणारे सिलिकॉन ग्रीस काडीच्या टोकाने चक्रांच्या दातांना लावले. शिवणयंत्राचे तेल हाताशी होते, पण खनिज तेलाने काही जातींचे प्लॅस्टिक ठिसूळ होते, म्हणून ते टाळले. फरक जवळजवळ शून्य. मग स्क्रू ढिले असतील असे वाटले आणि सगळ्या मोटरींचे चारही स्क्रू पिळून घट्ट केले. आवाज कमी होण्याऐवजी स्पष्टपणे वाढला. या वाढीचा अर्थ मला त्या वेळी लागला असता, तर पुढचे दोन आठवडे वाचले असते. मी मात्र फक्त चकित झालो आणि स्क्रू पुन्हा थोडे सैल करून ठेवले.

वाट सापडली ती आमच्या शेजारच्या बुवांमुळे. ते देवळातल्या भजनी सप्ताहाला पेटी वाजवतात, आणि पेट्यांचे सूर दुरुस्त करायला दुरून लोक त्यांच्याकडे येतात. एका संध्याकाळी ते आईला भेटायला आले होते. मी प्लग लावून त्यांना टेबलाजवळ नेले. त्यांनी डोळे मिटून क्षणभर ऐकले आणि म्हणाले, "खर्जातल्या पांढरी पाचच्या, पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, जवळ आहे. किंचित चढा." मग ते टेबलाभोवती सावकाश फिरले, प्रत्येक सांध्यापाशी वाकून कान देत गेले, आणि परत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "भाई, अकरा तानपुरे एका सुरात मिळवायचे म्हटले तर माझा अर्धा दिवस जाईल. तुमच्या या अकरा मोटरी कुणीही न मिळवता एकाच सुरात कशा?"

हा प्रश्न मी स्वतःला कधीच विचारला नव्हता, आणि सगळी उकल त्याच्यातच होती. चक्रांचा किंवा धारव्यांचा (बेअरिंगांचा) आवाज असता, तर तो मोटर फिरताना झाला असता आणि प्रत्येक मोटरचा थोडा वेगळा असता, कारण दोन यंत्रे हुबेहूब सारखी नसतात. इथे तर मोटर फिरतच नव्हती. जी वस्तू हलत नाही, तिला स्वतःचा सूर असण्याचे कारण नाही. तो सूर तिला बाहेरून कुणीतरी देत असला पाहिजे, आणि अकराही मोटरींना समान असलेली बाहेरची गोष्ट एकच होती, ती म्हणजे वीजपुरवठा. बुवा गेल्यावर मी हिशेब मांडला. आजच्या प्रमाण स्वरमेळात खर्जातली पांढरी पाच सेकंदाला ९८ आंदोलनांची येते. बुवांनी सूर किंचित चढा म्हटला होता. आपली घरगुती वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, आणि चार डायोडांच्या पुलातून ती एका दिशेची केली की प्रत्येक आवर्तनाचे दोन ठोके होतात, म्हणजे सेकंदाला १००. ९८ आणि १०० यांतला तेवढा फरक बुवांच्या कानाने कुठल्याही यंत्राशिवाय पकडला होता. पुढे माझ्या मुलीने मोबाइलवरच्या ध्वनी मोजणाऱ्या ॲपमध्ये तोच आवाज धरून दाखवला. पडद्यावर १०० आणि २०० या आकड्यांवर दोन सुळके उभे राहिले होते.

माझा पुरवठा म्हणजे एका जुन्या यंत्रातून काढलेला ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्यापुढे डायोडांचा पूल, एवढाच होता. गाळणीचा कपॅसिटर मी लावला नव्हता, कारण मोटरी त्याच्याविनाही चालत होत्या. अशा पुरवठ्यातून सपाट दाब निघत नाही. दाब सेकंदाला १०० वेळा शून्याला टेकून पुन्हा वर उसळतो. प्रत्येक उसळीबरोबर अडलेली मोटर ताणली जाते, प्रत्येक शून्याला ती सैल पडते, आणि हा ताण तिच्या चक्रांतून, तारेतून आणि कवचातून जात राहतो. मल्टिमीटरने डीसी दाब ११.७ व्होल्ट दाखवला, तो दिसायला अगदी निर्दोष होता. खरी स्थिती एसी श्रेणीवर कळली. साध्या मीटरची ही श्रेणी काही वेळा डीसीलाही फसते, म्हणून मीटरच्या एका टोकाशी मी १ मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला कपॅसिटर जोडून घेतला. तो डीसी अडवतो आणि चढउतार तेवढा पलीकडे जाऊ देतो. मीटरवर ५.५ व्होल्ट आले. सरासरी दाबाच्या जवळजवळ निम्म्याइतका चढउतार होता, आणि माझ्या मोटरी गेले वर्षभर त्याच्यावर उभ्या होत्या.

आता पुलापुढे एक मोठा कपॅसिटर लावला की झाले, असे कुणालाही वाटेल, आणि मलाही वाटले. इथे एक धोका आहे, तो मी सविस्तर सांगतो. गाळणी नसताना मीटर जो दाब दाखवतो, तो उसळ्यांची सरासरी असते. कपॅसिटर मात्र उसळीच्या शिखरापर्यंत भरतो आणि तिथेच राहतो. मी २२०० मायक्रोफॅरडचा, ३५ व्होल्ट सहन करणारा कपॅसिटर लावला आणि दाब ११.७वरून थेट १८ व्होल्टच्या वर गेला. सुदैवाने त्या वेळी एकच मोटर जोडलेली होती. ती दीड सेकंदात पलीकडे धडकली, आणि तिचा फिरतानाचा आवाज पूर्वीपेक्षा कितीतरी कर्कश झाला. १२ व्होल्टच्या मोटरला १८ देणे तिच्या आयुष्याच्या दृष्टीने वाईट आहे, त्यामुळे प्लग लगेच काढला. ज्यांचा पुरवठा माझ्यासारखा घरी जुळवलेला आहे, त्यांनी कपॅसिटर लावल्यावर मोटरी जोडण्याआधी दाब मोजावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कपॅसिटरनंतर मी एलएम ३१७ हा दाब नियंत्रित करणारा आयसी बसवला. दोन रोधांनी त्याचा दाब ठरतो. मी २४० ओहम आणि दीड किलोओहम घेतले, त्यांचा हिशेब ९ व्होल्टला जरा वर येतो. बारा सोडून नऊ निवडण्याचे कारण असे, की संथ मोटरी कमी दाबावर आणखी संथ आणि आणखी शांत चालतात. तीन सेकंदांची हालचाल साडेचार सेकंदांची झाली, आणि कुळ्याच्या यार्डात सांधा पडताना पाहण्यात आता अधिक समाधान आहे. आयसीला दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक उष्णतेत टाकावा लागतो. अकराही मोटरी अडलेल्या असताना एकूण प्रवाह १३० मिलिअँपिअरच्या आसपास आहे, म्हणजे सव्वा वॅटच्या जवळपास उष्णता होते, आणि ती बाहेर टाकायला ॲल्युमिनिअमचा पातळ पात्यांचा एक छोटा तुकडा पुरतो. वास्कोच्या माझ्या एका मित्राने हे सगळे न करता ९ व्होल्टचा चांगला तयार ॲडाप्टर आणला आणि त्याचे काम पाच मिनिटांत झाले. तोही मार्ग उत्तम आहे. माझ्याकडे ट्रान्सफॉर्मर होता आणि मला कारण हाताने पडताळून पाहायचे होते.

नव्या पुरवठ्यावर एसी श्रेणीचा आकडा काही मिलिव्होल्टांवर आला. मी दिवे मालवून खोलीत बसलो. अकरा मोटरी अडून उभ्या होत्या आणि छपराच्या पागोळ्यांखेरीज काहीही ऐकू येत नव्हते.

मात्र सततची गुणगुण गेल्यामुळे तिच्याखाली झाकलेला दुसरा आवाज उघडा पडला. मोटर फिरताना जी घरघर होत असे, ती आता शांततेत फार मोठी वाटू लागली. ती प्रत्येक सांध्याची वेगळी होती. स्थानकाच्या मधोमधच्या सांध्यांची मोठी, टेबलाच्या चौकटीजवळच्या सांध्यांची लहान. म्हणजे या वेळी प्रश्न विजेचा नव्हता. मी लांब दांड्याचा पेचकस घेतला, गॅरेजमधले मिस्त्री इंजिनाला लावतात तसे त्याचे टोक मोटरच्या कवचाला आणि मूठ कानाला लावली. दातांचे बारीक फिरणे ऐकू आले, ते अगदी साधे आणि स्वच्छ होते. मग तेच टोक मोटरपासून हातभर अंतरावर प्लायवूडला लावले, आणि तिथे आवाज मोटरवरच्यापेक्षा मोठा आला. त्या मोटरचे स्क्रू काढून, तारा जोडलेल्या ठेवूनच, ती तळहातावर घेतली आणि बटण फिरवले. जवळजवळ निःशब्द! हातात बोटांना फक्त बारीक थरथर जाणवत होती.

बुवांना हे सांगितले तेव्हा त्यांना मुळीच नवल वाटले नाही. तार भिंतीला ताणून छेडली तर कोण ऐकणार, ते म्हणाले. तानपुऱ्याचा आवाज तबलीचा, म्हणजे तारांखालच्या लाकडी फळीचा, आणि भोपळ्याचा असतो. माझे प्लायवूड म्हणजे दहा फुटांची तबली होती, आणि मी तिला अकरा ठिकाणी घोडे, म्हणजे तारेची थरथर फळीत उतरवणारे टेकू, लावून ठेवले होते. स्क्रू पिळल्यावर आवाज का वाढला होता, तेही आता उलगडले. स्क्रू जितका घट्ट, तितकी थरथर लाकडात सुखाने उतरते.

म्हणून मोटर आणि लाकूड यांच्यामध्ये काहीतरी मऊ हवे होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोघांना जोडणारी धातूची वाट बंद व्हायला हवी होती. पहिल्यांदा ३ मिलिमीटरचे कॉर्क मध्ये घालून वरून स्क्रू लावले. फरक थोडा पडला, कारण थरथर कॉर्क सोडून स्क्रूमधूनच चढत होती. स्क्रूंच्या डोक्यांखाली नळाचे रबरी वायसर घातल्यावर घरघर साधारण निम्मी झाली, असे माझ्या कानाने ठरवले. मग स्क्रू अजिबात नकोत म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची पट्टी वापरून पाहिली. आवाज सुरेख उतरला, मात्र जुलैच्या दमट हवेत दोन आठवड्यांत दोन मोटरी एका बाजूने सुटून लोंबू लागल्या. ओलसर प्लायवूडवर त्या पट्टीचा भरवसा मी पुन्हा धरणार नाही.

शेवटी जे टिकले ते सिलिकॉन सीलंट. त्यात निवड करताना वास घ्यावा. शिर्क्यासारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते, आणि ते तांब्याच्या तारांना आणि संपर्कपट्ट्यांना खाते. विजेच्या वस्तूंजवळ न्यूट्रल प्रकारचेच घ्यावे. गोव्याच्या पावसाळ्यात या कामाला एक फायदाही आहे. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच पिकते, त्यामुळे ज्या हवेने फोमची पट्टी सोडवली, तीच हवा इथे मदतीला आली. पद्धत अशी. सांध्याच्या दोन्ही जिभा आणि बाहेरचे रूळ यांच्यामध्ये एकेक काडेपेटीची काडी ठेवून जिभा बरोबर मध्यावर धरल्या, मोटरचा हात अर्ध्या वाटेवर आणून वीज काढली, कवचाच्या चार कोपऱ्यांवर सिलिकॉनचे चार गोळे ठेवले, मधे ३ मिलिमीटरचे दोन कॉर्कचे तुकडे अंतर राखायला घातले आणि मोटर खालून टेकवली. जमिनीपासून तिच्यापर्यंत पाट आणि जुन्या मासिकांची चळत रचून तिला चोवीस तास तसेच आधारून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी कॉर्कचे तुकडे चिमट्याने काढून घेतले. मोटर आता लाकडाला कुठेही थेट टेकत नाही. ती काढायची वेळ आली तर ताणलेला मासेमारीचा तंगूस करवतीसारखा चालवला की गोळे कापले जातात, हे एका टाकाऊ फळीवर आधीच करून पाहिले होते. रोज दोन मोटरी, असे करत स्थानकातल्या नऊ मोटरींना आठवडा लागला.

नऊ व्होल्टांनी आणि मऊ बैठकीने एक नवी अडचण आणली, ती लपवून ठेवणे योग्य होणार नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या सांध्यावर वाघिणी घसरू लागल्या. वाकून पाहिले तर जीभ रुळाला पूर्ण टेकत नव्हती. कागदाची घडी जाईल एवढी फट राहत होती. दाब कमी झाल्यावर मोटरचा जोर कमी होतो हे उघडच आहे, परंतु जोर मोटरमध्येच नव्हे, तर तिच्यापासून जिभांपर्यंत जाणाऱ्या पोलादी तारेतही हरवत होता. मोटरबरोबर आलेली तार ०.६४ मिलिमीटरची होती. १२ मिलिमीटरचे प्लायवूड आणि त्यावरचे ५ मिलिमीटरचे कॉर्क पार करून ती वर येते, आणि एवढ्या लांबीत ती स्वतःच वाकून जिभेवरचा दाब गिळून टाकते. तारेचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे ०.८ मिलिमीटरची तार घेतली, तर जाडी फक्त सव्वापट होते, पण ताठपणा जवळजवळ अडीचपट होतो. नऊ व्होल्टांवर मोटर एवढी ताठ तार वाकवू शकेल की नाही, ही शंका होती, म्हणून ती आधी एकाच सांध्यावर लावली. मोटरवरचा सरकता टेकू दोन मिलिमीटर खाली घेतल्यावर तारेचा वरचा झोका वाढला आणि जीभ रुळाला घट्ट बसली. त्यानंतर सगळ्या नऊ तारा बदलल्या.

सातव्या सांध्याने वेगळाच त्रास दिला. तो मध्यावर आला की करकरत असे, आणि ही करकर दर पावसाच्या आठवड्यात वाढत असे. इथे दोष मोटरचा नव्हता आणि लाकडाचाही नव्हता. मे महिन्यात खडी चिकटवताना मी लाकडाचा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून घातला होता, आणि तो सांध्याच्या सरकत्या पट्टीखाली गेला होता. कोरड्या हवेत त्याचा कडक पापुद्रा झाला होता, त्यावरून पट्टी घसरत असे. दमट हवेत तो पुन्हा चिकट झाला आणि पट्टीला धरू लागला. कोमट पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटे थांबलो आणि शिवणाच्या सुईने पट्टीखालून गोंदाचे तुकडे एकेक करून काढले. सगळ्यात मोठा तुकडा तांदळाच्या कणीएवढा होता. भिंगातून पाहिले तर त्याच्या पोटात खडीचे दोन लाल कण अडकलेले होते. त्यानंतर सातवा सांधा इतर आठांसारखाच चालू लागला.

आता उरला होता तो फक्त हालचालीच्या शेवटी होणारा टक् आवाज. माझ्या सांध्यांत कारखान्यातूनच एक बारीक स्प्रिंग बसवलेली असते. हाताने सांधा बदलणाऱ्यांसाठी ती उपयोगी आहे, कारण मध्य ओलांडला की ती जिभा झटकन पलीकडे नेते आणि तिथे धरून ठेवते. संथ मोटर असेल तर तिची काही गरज नसते. उलट मोटर अर्ध्या वाटेपर्यंत स्प्रिंगशी झगडते आणि मग स्प्रिंग जिभा रुळावर आपटते, त्यामुळे संथ हालचालीचे सगळे सौंदर्य शेवटच्या क्षणी वाया जाते. रूळ बसवल्यावरही ही स्प्रिंग वरून काढता येते. स्लीपरमधला झाकणाचा पातळ पत्रा चिमट्याने उचलायचा आणि स्प्रिंगवर बोट ठेवूनच ती सोडवायची. बोट नसेल तर ती उडते आणि फरशीवर शोधून सापडत नाही. नऊ स्प्रिंगा काढून मी एका डबीत जपून ठेवल्या आहेत, कारण पुढे कधी हे सांधे हाताने चालवायची वेळ आली तर त्या लागतील.

चतुर्थीच्या आठ दिवस आधी स्थानकातले काम संपले, आणि ते तेव्हाच संपायला हवे होते, कारण चतुर्थीला बेळगावची आतेभावंडे येतात आणि मुलांची अंथरुणे रेल्वेच्या खोलीतच पडतात. त्या दिवशी रात्री मी प्लग मुद्दाम चालू ठेवून झोपलो. सकाळी आईने भुंग्याचा विषय काढला नाही. मीही विचारले नाही.

बोगद्यातले दोन सांधे मात्र तसेच आहेत. त्यांच्यावर डोंगर बसवलेला आहे, प्लॅस्टरच्या पट्ट्यांनी तो कडेला सांधलेला आहे, आणि स्प्रिंग काढायला वरूनच हात जावा लागतो. दहावा सांधा नऊ व्होल्टांवरही स्प्रिंगला ओलांडून जातो, टक् आवाज करतो, पण बोगद्याच्या आत तो दबून राहतो. अकरावा मध्यावर येऊन दोन-तीन सेकंद अडखळतो आणि मग पडतो. एकदा तर तो पडलाच नाही आणि गाडी बोगद्यात घसरली. दाब दहा व्होल्ट केला तर तो नीट चालतो, हे पाहिले आहे, परंतु एका सांध्यासाठी इतर दहांचा दाब वाढवण्याची माझी इच्छा नाही. प्लॅस्टर ओल्या हवेत कापले तर त्याचा भुगा होतो आणि पुन्हा भरलेला भाग वेळेवर वाळत नाही, म्हणून डोंगर उचलण्याचे काम तुळशीच्या लग्नानंतर, हवा कोरडी झाल्यावर करणार आहे. तोपर्यंत अकरावा सांधा मुख्य मार्गाला लावून त्याच्या बटणावर कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे, आणि बोगद्यातल्या बगलमार्गावर गाडी घेत नाही.